हीटरमधून गार वारा



नाशिकच्या माणसानं मोटारीच्या हीटरवर बोलायचं म्हणजे कोकणातल्या माणसानं स्वेटरवर बोलण्यासारखं, असं तुम्हाला वाटेल. तशी आमच्याकडे थंडी पडते. निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवतात. पण गाडीतला हीटर लावणारी गिऱ्हाइकं मी इतक्या वर्षांच्या गॅरेजच्या धंद्यात बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली. काच वर केली, मफलर गुंडाळला की आपलं भागतं. त्यामुळे हीटर चालतो की नाही हे कोणी बघत नाही आणि बिघडलेला असला तरी वर्षानुवर्षं कळत नाही. मला ते डिसेंबर २०२३ मध्ये भाच्याच्या एका फोनमुळे कळलं. ते कसं कळलं हे सांगताना आजही थोडी लाज वाटते.

भाचा, त्याची बायको, पाच वर्षांची मुलगी आणि माझी थोरली बहीण असे चौघे स्वतःच्या गाडीनं नाशिकहून मनालीला गेले होते. तिथून अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये उतरले. हा नऊ किलोमीटरचा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला. त्याआधी रोहतांग खिंड बर्फानं बंद झाली की लाहौलचा रस्ता महिनोन्‌महिने तुटलेला असायचा. आता भर डिसेंबरात महाराष्ट्राच्या पाट्यांच्या गाड्याही तिकडे दिसतात. बोगद्यापलीकडे सिस्सू नावाचं गाव आहे, तीन हजार मीटरहून उंच. तिथून दुपारी साडेतीनला फोन आला.

"मामा, हीटर पार लाल खुणेपर्यंत फिरवलाय, पंखा चारवर आहे, पण वारा बर्फासारखा गार येतोय. आईचे पाय गारठलेत. काचेवर आतून वाफ धरतेय. फ्यूज गेला असेल का?"

बहुतेकांची समजूत अशीच असते, की हीटर म्हणजे घरच्या गिझरसारखी आत एखादी कॉइल असणार. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत तसं नसतं. (विजेवरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी, त्यांना ऊब बॅटरीतूनच करावी लागते.) आपण जाळतो त्या इंधनातला ढोबळमानानं तिसरा हिस्सा गाडी ओढायला लागतो. उरलेली उष्णता काही सायलेन्सरमधून जाते आणि काही इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात, म्हणजे कूलंटमध्ये उतरते. त्या गरम कूलंटचा एक फाटा दोन रबरी पाइपांनी डॅशबोर्डच्या मागे जातो. तिथं वहीएवढा छोटा रेडिएटर असतो. पंखा त्यावरून हवा ढकलतो, ती गरम होऊन तुमच्या पायांवर येते. झाला हीटर. इंजिनाची फुकट जाणारी ऊब, एवढंच. म्हणून हीटर गार पडला तर पहिली चौकशी इंजिनाची करायची. फ्यूज गेला असता तर पंखाच फिरला नसता.

मी विचारलं, "काटा कुठं आहे?"

"सीच्या थोडा वर. गाडी एकदम थंड चाललीय, मामा," तो खुशीत म्हणाला.

मनालीहून निघून दीड तास झालेला, चढाचा रस्ता, आणि काटा अजून खालीच. मला तिथंच शंका आली. तरी पुढचं विचारलं. बॉनेट उघडायला लावलं. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नको, असं दोनदा बजावलं. आत दाब असतो आणि कूलंट शंभर अंशांच्या वर असू शकतं, झाकण फिरवलं की तोंडावर येतं. असे भाजलेले चेहरे मी पाहिलेत. नुसती बाजूची प्लॅस्टिकची बाटली बघ म्हटलं. पातळी बरोबर होती. रंग विचारला, तर "फिकट हिरवा, जवळजवळ पाणीच."

मग इंजिन बंद करून ते दोन रबरी पाइप चाचपायला सांगितले. निदान बरंचसं या दोन पाइपांतच असतं. दोन्ही कडकडीत गरम असतील तर पाणी हीटरपर्यंत पोहोचतंय, पण गरम-गार हवेची आतली झडप अडकलीय, म्हणजे डॅशबोर्डचं काम. एक गरम आणि दुसरा गार असेल तर छोटा रेडिएटर गाळानं तुंबलाय किंवा आत हवा अडकलीय. बोअरचं जड पाणी भरणाऱ्या गाड्यांत हा गाळ मी खरवडून काढलाय, किटलीच्या तळाला बसतो तसाच. आणि दोन्ही गार, काटा मात्र वर चढतोय, असं असेल तर गाडी तिथल्या तिथं बंद करायची. कूलंट संपलेलं तरी असतं किंवा वॉटर पंप गेलेला. तशीच रेटली तर हेड वाकतं, गॅस्केट जळतं आणि खर्च हजारांच्या पुढे जातो.

भाचा म्हणाला, "दोन्ही सारखेच आहेत. कोमट. धरून बसता येईल इतके."

माझ्या पोटात गोळा आला. दोन्ही कोमट आणि काटा खाली, म्हणजे इंजिन तापतच नव्हतं. इंजिनापाशी थर्मोस्टॅट नावाची पितळी डबी असते. तिच्यात मेण असतं. पाणी ८०-९० अंशांच्या दरम्यान तापलं की मेण फुगून झडप उघडतं आणि मगच पाणी पुढच्या मोठ्या रेडिएटरकडे जातं. तोवर ते इंजिनातच फिरून लवकर तापतं. ही डबी नसेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून गार होत राहतं. आणि त्या गाडीत ती नव्हती, कारण ती मीच काढली होती.

मे २०२२ मध्ये कसारा घाटात त्याची गाडी तापली. (त्यानं तेव्हा हीटर पूर्ण गरम करून लावला असता तर घामाघूम झाला असता, पण तेवढाच एक जादा रेडिएटर मिळून घाट चढून आला असता. हे लक्षात असू द्या.) माझ्याकडे आणली तेव्हा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला निघाला. नवा मुंबईहून यायला तीन दिवस लागणार होते, आणि त्यांना दुसऱ्याच दिवशी लग्नाला जायचं होतं. मी डबी काढली, पॅकिंग लावून घर बंद केलं, सांडलेल्या कूलंटच्या जागी नळाचं पाणी भरलं आणि म्हणालो, "आपल्याकडे काय गरज आहे याची? सवडीनं ये, बसवून देतो." तो आला नाही. मीही आठवण केली नाही. पुढच्या हिवाळ्यात त्यानं गाडी एव्हरेज देत नाही अशी तक्रार केली, तेव्हा मी चाकांतली हवा तपास म्हणून सांगितलं! इंजिन गार राहिलं की पेट्रोल जास्त पितं, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे.

आता गारठलेल्या पायांपेक्षा मोठी काळजी त्या फिकट पाण्याची होती. त्यांचा मुक्काम त्या रात्री केलाँगला होता. तिथं डिसेंबरात रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि बंद इंजिनात फुगायला जागा नसते. रेडिएटर फुटतो, प्रसंगी इंजिनाच्या ओतीव भागालाच चीर जाते. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत धास्ती नसते. नुसतं शुद्ध कूलंट मात्र त्याच्या आधीच गोठतं. म्हणून जास्त घातलं की जास्त चांगलं, असंही नाही.

मी म्हटलं, परत मनालीला फिरा. भाचा ऐकेना. "मामा, खोलीचे पैसे भरलेत. रात्रभर इंजिन चालू ठेवतो, आई आणि छोटी वाटल्यास गाडीतच झोपतील."

हे ऐकून मी ओरडलोच. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपायचं नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ साचला की धूर आत येतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही. कोळशाची शेगडी घेऊन बंद खोलीत झोपण्याचंही तेच. मी फोन बहिणीला द्यायला लावला.

"ताई, चूक माझी आहे. गाडीतली एक वस्तू मी काढून ठेवली होती. आजची रात्र तिकडे राहू नका."

ती एवढंच म्हणाली, "अरे, मग आधी नाही का सांगायचंस?"

पहाडातले ट्रकवाले हिवाळ्यात रेडिएटरसमोर कंतान बांधतात. भाच्यानं दुकानातून बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि जाळी व रेडिएटर यांच्या मध्ये सरकवला, अर्धा भाग झाकेल इतकाच. काट्यावर नजर ठेव आणि सपाटीवर आलास की पुठ्ठा आठवणीनं काढ, असं सांगितलं. काचेवरच्या वाफेसाठी खिडकी दोन बोटं उघडी ठेवायला लावली. वीस मिनिटांनी फोन आला की काटा हललाय आणि वारा कोमट येतोय. सहाच्या सुमाराला ते मनालीत पोहोचले.

तिथल्या मेस्त्रीशी मी स्वतः बोललो. रात्रीच त्यानं सगळं पाणी काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी कुल्लूहून थर्मोस्टॅट आला, नवं कूलंट भरलं. तरी हीटर दोन मिनिटं गरम, दोन मिनिटं गार. हवा अडकली होती. त्यानं गाडी चढावर नाक वर करून उभी केली, इंजिन थंड असतानाच झाकण उघडलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन सुरू केलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं कूलंट घालत राहिला. मग ऊब आली. फोन ठेवताना तो म्हणाला, तुमच्या मैदानातून येणाऱ्या कितीतरी गाड्यांत ही डबी नसतेच, साहेब. मी काही बोललो नाही.

उत्तरेकडे किंवा लेह-काश्मीरला गाडी नेणार असाल तर निघण्याआधी आठवडाभर घराजवळच एकदा हीटर लावून बघा. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवल्यावर गरम हवा यायला हवी. काटा मध्यापर्यंत चढायला हवा. काट्याऐवजी निळा दिवा असेल तर तो विझायला हवा. डाव्या बाजूच्या पायाखालचा गालिचा ओला लागला, गोडसर वास आला किंवा काचेवर तेलकट धुकं धरलं, तर छोटा रेडिएटर गळतोय असं समजा.

माझ्या गॅरेजात पितळी भंगाराचा एक डबा असतो. ती मंडळी परत आल्यावर मी तो उलटा केला. वेगवेगळ्या गाड्यांतून काढलेले सतरा थर्मोस्टॅट निघाले. त्यांतल्या अकरा गाड्यांचे मालक मला आठवले. त्या सगळ्यांना फोन केले. नऊ जण येऊन नवा बसवून गेले, मजुरी अर्थातच घेतली नाही. उरलेल्या सहा गाड्या कुणाच्या, ते अजून आठवत नाही.