मणिकर्णिकेपलीकडची वाट



आपल्या काशीत दशाश्वमेधावर यात्रेकरूंची सदैव दाटी. परंतु मणिकर्णिका ओलांडून उत्तरेस निघाले की पहाटे केवळ पाण्याचा आवाज सोबतीस उरतो. हा आमचा नित्याचा फेरफटका. बायजाबाई शिंदे यांनी १८३० मध्ये बांधविलेला घाट स्वतःच्याच भाराने खचला. कालांतराने तो पुन्हा बांधावा लागला. तेथून पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट लागतो.

परवा त्याच वाटेवर हे शिंदे, भोसले कोण, असे नातवाने हिंदीत विचारले. आम्ही ओशाळलो. दोष त्याचा नव्हता, आमचा होता.

पावसाळ्यात गंगामाई या पायऱ्या बुडविते. पाणी ओसरले की गाळ उपसावा लागतो. भाषेचेही तसेच आहे. मुलांना घेऊन या वाटेने चला, आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे मराठीतच द्या.