टर्कीची पाठवणी : पकडा, खोक्यात घाला, दुसरीकडे सोडा

(या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त माझे 'अं...' आणि 'म्हणजे कसंय' थोडे कमी केलेत.)

 

आजचा विषय मला व्हॉट्सॲपवर मिळाला. माझा एक मावसभाऊ सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेकडे, डोंगराच्या पायथ्याशी राहतो. आपण त्याला दादा म्हणू. तर दादाने फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. त्याची काळी गाडी दारात उभी आहे आणि एक भलामोठा पक्षी तिच्या दरवाज्यावर टकाटक चोची मारतोय. मागे अजून आठ-दहा पक्षी लॉनवर निवांत फिरतायत, जणू सोसायटीची मीटिंग आहे. खाली दादाचा मेसेज : 'यांना इथून उचलून जंगलात सोडायला कोणाला फोन करायचा असतो?'

तो पक्षी म्हणजे टर्की. रानटी टर्की. आणि दादाचा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाहीये. कारण 'उचलून दुसरीकडे सोडणं' हे या पक्ष्याच्या बाबतीत अमेरिकेने इतक्या मोठ्या प्रमाणावर केलंय की त्याच्यामुळेच तो आज दादाच्या गाडीपर्यंत पोचलाय. कसं, ते सांगते.

आधी एक छोटं विषयांतर, कारण मला राहवत नाही. टर्की मूळचा उत्तर अमेरिकेचा. पण भारतात तो १६१२ मध्येच पोचला होता, आणि कुठून? गोव्यातून! जहांगीर बादशहाने मुकर्रब खान नावाच्या सरदाराला गोव्याला दुर्मीळ वस्तू आणायला पाठवलं होतं. त्याने पोर्तुगीजांकडून जे काय आणलं त्यात एक टर्की होता. बादशहा इतका चकित झाला की त्याने आठवणींत त्याचं वर्णन लिहिलं, डोक्या-मानेचा रंग सरड्यासारखा बदलतो वगैरे, आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. गूगल करून बघा, पण भाग संपल्यावर.

चला, परत अमेरिकेत.

गोऱ्या लोकांनी वसाहती केल्या तेव्हा तिथे टर्की भरपूर होते. मग जंगलं तुटली, शेतं झाली, आणि शिकारीवर काही बंधनच नव्हतं. पक्षी मारायचा आणि बाजारात विकायचा. पकडायची एक जुनी पद्धत तर फारच बेक्कार होती. लाकडाच्या ओंडक्यांचा एक बंद खुराडा करायचा, आत जायला जमिनीतून एक चर खणायचा आणि चरात मक्याचे दाणे टाकायचे. टर्की खाली मान घालून दाणे टिपत टिपत आत जातो. आत गेला की मान वर करतो, आणि मग बाहेर पडायला वरच बघत राहतो. ज्या चरातून आला तो पायाशी उघडा आहे, पण खाली बघायचं त्याच्या लक्षातच येत नाही. एका वेळी अख्खा थवा सापडायचा.

मॅसॅच्युसेट्समध्ये शेवटचा रानटी टर्की १८५१ मध्ये मारला गेला. विस्कॉन्सिनमध्ये १८८१. एकेक राज्य रिकामं होत गेलं. उरले ते दलदलीत, डोंगरात, जिथे माणसाला जाणं अवघड होतं तिथे.

मग कायदे आले. १९०० चा लेसी ॲक्ट, त्याने बेकायदा मारलेल्या प्राण्या-पक्ष्यांच्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या व्यापाराला चाप लावला. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा, ज्यामुळे बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळायला लागला. म्हणजे पैसा आला. काही ठिकाणी जंगलही परत आलं, कारण शेतकरी जमिनी सोडून गेले आणि शेतात झाडं उगवली. पण पक्षी कुठून आणायचे?

इथे खात्यांनी जे केलं ते आपण कोणीही केलं असतं. पोल्ट्री! अंडी उबवा, पिल्लं वाढवा, मोठी झाली की जंगलात सोडा. हे काही वर्षं नाही, काही दशकं चाललं. अनेक राज्यांनी हजारोंनी पक्षी सोडले. एकट्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९११ ते १९६७ दरम्यान पुन्हा पुन्हा प्रयत्न झाले. सगळे फसले.

का फसले, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात आवडलेलं प्रकरण आहे. टर्कीचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याला चालता येतं, दाणे टिपता येतात. पण पहिले जवळजवळ दोन आठवडे उडता येत नाही, रात्री ते जमिनीवर आईच्या पंखाखाली असतं. या काळात आई एक आवाज काढते आणि सगळी पिल्लं गवतात थिजतात. दुसरा आवाज काढते, आणि सगळी धावत येतात. ससाणा कोणता, साधा कावळा कोणता, रात्री कुठल्या झाडावर बसायचं, हे सगळं तिच्या मागे फिरून शिकायचं. पोल्ट्रीतल्या पिल्लाला आई कोण? एक बल्ब. आणि माणूस आला की खायला मिळतं हा धडा. असा पक्षी जंगलात सोडला की कोल्हा, रानमांजर, घुबड यांची पार्टीच. वर त्यांच्याकडून रोग पसरायची भीती, ती वेगळी.

म्हणजे काय, तर रानटी पक्षी पाहिजे असेल तर रानटीच पक्षी पकडायला हवा. पण हा पक्षी पकडणं म्हणजे डोकेदुखी. त्याची नजर जबरदस्त, जमिनीवर ताशी ४० किलोमीटरच्या आसपास पळतो, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर उडतो. होय, रानटी टर्की उडतो! फार्मवरचा जाडजूड पांढरा टर्की उडत नाही, त्यामुळे आपला गैरसमज होतो.

उत्तर मिळालं १९५१ मध्ये, साउथ कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन जंगलात. डफ हॉलब्रुक नावाच्या वन्यजीव जीवशास्त्रज्ञाने बदकं वगैरे पकडायला वापरतात ती कॅनन नेट टर्कींवर वापरली. कॅनन नेट म्हणजे अक्षरशः तोफेची जाळी. हे कसं करतात ते नीट ऐका.

शक्यतो हिवाळा निवडायचा, कारण तेव्हा पक्षी मोठ्या थव्याने फिरतात आणि खाणं कमी असतं. एका मोकळ्या जागी रोज मका टाकायचा. कधी कधी हे कित्येक दिवस चालतं. पक्ष्यांना सवय लागली की एका बाजूला जाळीची घडी एका रांगेत ठेवायची, पालापाचोळ्याने झाकायची, आणि तिला छोट्या तोफा जोडायच्या. मग पहाटे अंधारात जाऊन आडोशाला बसायचं. थंडीत. हलायचं नाही, खोकायचं नाही. थवा येतो, खायला लागतो. आणि आता खरी कसोटी : सगळ्यांच्या माना खाली जाईपर्यंत थांबायचं. एकाची जरी मान वर असेल आणि जाळी सुटली, तर जाळीचा फटका बसून पक्षी मरू शकतो. सगळे खाली वाकले, बटण दाबलं, धडाम! जाळी हवेतून जाऊन थव्यावर पडते.

मग उठून पळायचं. दहा किलोचा नर जाळीत पंख आपटतोय, त्याला पकडायचं, पायात नंबरची रिंग घालायची आणि प्रत्येकाला वेगळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचं. आत अंधार असला की पक्षी शांत होतो. घाई यासाठी, की फार धडपड आणि भीती झाली तर प्राण्याच्या स्नायूंना इजा होते आणि तो सोडल्यावर काही दिवसांनीही दगावू शकतो. म्हणून शक्य तितक्या लवकर नव्या जागी न्यायचं, खोकं उघडायचं, आणि भुर्र.

ही पद्धत चालली. आणि मग सुरू झाली राज्याराज्यांतली देवाणघेवाण, जी मला आपल्या लहानपणीच्या क्रिकेट कार्डांसारखी वाटते. मिझुरीकडे टर्की वाढले होते, विस्कॉन्सिनकडे रफ्ड ग्राऊस नावाचा एक जंगली कोंबडीसारखा पक्षी होता. झाली अदलाबदल! १९७६ मध्ये मिझुरीचे २९ टर्की विस्कॉन्सिनच्या व्हर्नन काउंटीत सोडले. केंटकीला पण टर्की हवे होते, त्यांनी मिझुरीला बदल्यात पाणमांजरं मिळवून दिली. ती पण लुइझियानातली! तीन राज्यांचा सौदा, सगळे खूश.

मॅसॅच्युसेट्सचा आकडा तर मी दोनदा तपासला. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून आणलेले फक्त ३७ पक्षी. सदतीस! ते बर्कशायरच्या डोंगरात सोडले, वाढले की त्यांच्यातले पकडून राज्यात इतरत्र नेले. आज तिथे ३० हजारांच्या वर टर्की आहेत. ज्या राज्यात पन्नासेक वर्षं पोल्ट्रीवाले प्रयत्न वाया गेले, तिथे ३७ पक्षी पुरले. देशभरात आज साधारण ६० लाख धरतात, जरी गेल्या काही वर्षांत आग्नेयेकडच्या राज्यांत संख्या घटतेय आणि तिथले लोक काळजीत आहेत.

आता एक गोष्ट झाकायची नाही. हे सगळं बऱ्याच अंशी शिकाऱ्यांच्या पैशाने झालं, आणि शिकार करता यावी म्हणूनही झालं. आपल्याकडे वाढलेल्या माणसाला हे ऐकून कसंतरी होतं. मलाही झालं. पण पक्षी परत आला, हेही खरं आहे. दोन्ही एकदम डोक्यात ठेवायला मला अजून जड जातं.

बरं, मग दादाचं काय?

कॅलिफोर्नियात गंमत अशी की हा टर्की तिथला मूळ रहिवासी नाहीच. हजारो वर्षांपूर्वी तिथे टर्कीची एक वेगळी जात होती, तिची हाडं लॉस एंजेलिसच्या ला ब्रेआच्या डांबराच्या खड्ड्यांत सापडतात, पण ती नष्ट झाली. आत्ताचे टर्की माणसांनी नेले. आधी फार्मवरचे, ते टिकले नाहीत. मग १९५९ पासून पुढे चाळीस वर्षं टेक्सास वगैरे राज्यांतून पकडून आणलेले रानटी, ते टिकले. इतके टिकले की नासाच्या एम्स सेंटरच्या आवारात, माउंटन व्ह्यूला, रस्ते अडवायला आणि गाड्यांवर चोची मारायला लागले. तिथून काही वर्षांपूर्वी खात्याने वीस-पंचवीस पक्षी पकडून दूरच्या राखीव क्षेत्रात हलवले.

दादा म्हणाला, 'बघ! नासाचे हलवले ना? मग माझे पण हलवा!'

पण नासाच्या आवाराला लागून विमानांची धावपट्टी आहे. आणि घरोघरच्या तक्रारीवर खाती सहसा पक्षी हलवत नाहीत. कारण १९७० मध्ये जंगल रिकामं होतं आणि पक्षी रानातला होता. आता गावातला, माणसाला न घाबरणारा टर्की जंगलात सोडला तर तो चार दिवसांत जवळचं दुसरं गाव शोधतो. तोच त्रास, फक्त पिनकोड वेगळा. आणि इथून हलवला तरी इथली रिकामी जागा दुसरा थवा भरतो.

हे वाचताना मला सारखं जुन्नर आठवत होतं. २००१ ते २००३ मध्ये आपल्याकडे उसातले बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की हे मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले कमी झाले नाहीत, वाढले. वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. टर्की आणि बिबट्या, तुलना कुठे होते का? एक गाडी ओरबाडतो, दुसरा माणूस मारतो. पण 'उचला आणि लांब सोडा' हा आपला पहिला विचार दोन्हीकडे सारखाच असतो.

गाडीवर चोच का मारतो, ते तरी सांगते. नराला चकचकीत रंगात स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, त्याला वाटतं दुसरा नर आलाय. टर्कीत कोण वरचढ, कोण खालचा याचं सतत राजकारण चालतं, आणि माणसांत राहून सवयीचे झाले की ते माणसालाही त्या रांगेत बसवतात. मॅसॅच्युसेट्सचं खातं लोकांना सरळ सांगतं : घाबरू नका, आवाज करा, झाडू दाखवा, पाण्याचा पाइप मारा. आणि मुख्य म्हणजे खायला घालू नका.

हे मी दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'आम्ही कुठे काय घालतो?' मागून मावशीचा आवाज आला. मावशी सहा महिन्यांसाठी तिकडे गेलीये. 'अरे, मी थोडा भात ठेवते कुंपणावर. आणि तांदूळ. पक्ष्यांना.'

दादा गप्प.

'मावशी, किती दिवस ठेवतेयस?' मी विचारलं.

'आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पहिल्यांदा दोनच यायचे गं. बिचारे.'

म्हणजे तोफेची जाळी लावण्याआधी जीवशास्त्रज्ञ जे करतात, अगदी तेच मावशीने केलं होतं. फक्त जाळी नव्हती.

भात बंद झाला. गाडीवर आच्छादन आलं. पहिले दहा दिवस थवा रोज सकाळी येऊन कुंपणाकडे बघत उभा राहायचा, आणि मावशी खिडकीतून त्यांच्याकडे. तिने मला व्हॉइस नोट पाठवली की हे काही बरं नाही, दारात आलेल्याला उपाशी ठेवायचं. मग ते येईनासे झाले. आता ते दोन गल्ल्या पलीकडे असतात, एका घराच्या मागे. दादाचा संशय आहे की तिथेही कोणाची तरी आई आलीये.