भूवर्णनाची जुळणी



एखाद्या संबंध खंडाची भूरचना एका ग्रंथांत सांगावयाची असेल, तर तें काम कोणा एकट्याच्या हातून होणें शक्य नाहीं, हें सांगावयास पंडित नको. माणसाचें आयुष्य तें किती, आणि त्याचे पाय दोन! एकजण सातपुड्याच्या पायथ्याशीं हातोडी घेऊन वीस वर्षें हिंडतो. दुसरा गोदावरीच्या खोऱ्यांत कोळशाचे थर मोजतो. तिसरा हिमालय चढतो. आणि प्रत्येकजण आपापला अहवाल आपल्याच शब्दांत लिहितो. अशा अहवालांचे ढीग झाले म्हणजे मग कोणीतरी बैठक मारून ते सर्व वाचावयाचे, एकमेकांशीं ताडून पाहावयाचे, आणि ज्याला विद्वान् लोक समालोचन म्हणतात तें स्वतः लिहावयाचें, किंवा अनेकांकडून लिहवून घेऊन एकत्र गुंफावयाचें. गुंफणाऱ्याचें नांव बहुधा कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. आज त्याच्या कामाविषयीं मी आपणांशीं चार शब्द बोलणार आहें.

भंडारा जिल्ह्यांतील करडीसारख्या गांवच्या निवृत्त शाळामास्तराला हा विषय कां सुचावा, अशी शंका आपणांस येईल. तिचें उत्तर सोपें आहे. लंडन, कलकत्ता व मेक्सिको येथें छापलेल्या ह्या ग्रंथांत आमच्या शेजारच्या तुमसर तालुक्यांतील गांवांची वर्दळ आहे. सीतासावंगी, चिखला, डोंगरी बुजुर्ग हीं नांवें आमच्याकडे लग्नपत्रिकांतून येतात, तशींच तीं भूशास्त्राच्या पुस्तकांतून येतात. फरक इतकाच कीं, लग्नपत्रिका आम्हांस वाचतां येते.

हिंदुस्थानांत सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ सालीं थॉमस ओल्डहॅम ह्यांच्या देखरेखीखालीं सुरू झालें. पुढें त्याचे विस्तृत प्रबंध १८५६ पासून आणि लहान टिपणें १८६८ पासून निघूं लागलीं. खात्याबाहेरची मंडळीही स्वस्थ बसलेली नव्हती. नागपुरास मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर ह्यांनीं नागपूरच्या आसमंतांतील खडकांवर व जीवाश्मांवर लिहिलेला निबंध लंडनच्या भूशास्त्रीय सभेच्या त्रैमासिकांत १८५५ सालीं प्रसिद्ध झाला. हे हिस्लॉपसाहेब १८६३ सालीं टाकळघाटचीं प्राचीन शिळावर्तुळें पाहिल्यानंतर वाटेंत ओढा ओलांडतांना बुडून वारले. त्यांनीं गोळा केलेलें ज्ञान त्यांच्याबरोबर वाहून गेलें नाहीं, तें तो निबंध छापलेला होता म्हणून.

ह्या विखुरलेल्या सामग्रीचा पहिला मोठा गोषवारा मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड ह्या दोघांनीं १८७९ सालीं दोन भागांत सिद्ध केला. उपयुक्त खनिजांचा तिसरा भाग व्हॅलेंटाइन बॉल ह्यांनीं १८८१ सालीं त्यास जोडला. दुसरी आवृत्ति १८९३ सालीं निघाली, ती रिचर्ड ओल्डहॅम ह्यांची. हे थॉमस ओल्डहॅम ह्यांचे चिरंजीव. बापानें दुकान मांडलें आणि मुलानें त्याचा ताळेबंद काढला, असा हा योग! तिसऱ्या आवृत्तीची कथा मात्र मनाला चटका लावणारी आहे. सर एडविन पॅस्को हे १९३२ सालीं खात्याच्या संचालकपदावरून निवृत्त झाले. ही आवृत्ति त्यांनीं सिद्ध केली. तिचा पहिला खंड बाहेर पडला तो १९५० सालीं, आणि पॅस्को वारले १९४९ सालीं. पुढचे खंड १९५९ व १९६४ मध्यें आले. दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्तींत सत्तावन्न वर्षांचें अंतर पडलें. तेवढ्या अवधींत किरणोत्सर्गी द्रव्यांवरून खडकांचें वय काढण्याची रीत निघाली, आणि खंडें सरकतात हें आपलें मत वेगेनर ह्यांनीं १९१२ सालीं मांडलें. ताळेबंद पुरा होईपर्यंत दुकानांतला मालच बदलून जावा, ही समालोचकाची नेहमींची अडचण आहे.

परंतु खरी अडचण ह्याहून निराळी आहे. ती नांवांची. आमच्याकडे दोन शेतांच्या मध्यें जो बांध असतो त्यास धुरा म्हणतात. आणि धुऱ्यावरून किती पिढ्यांचें वैर चालतें, हें झाडीपट्टींतल्या कोणासही विचारावें. भूशास्त्रज्ञांच्या नकाशांतही असाच धुरा असतो. ह्या बाजूच्या माणसानें एक थर काढीत आणला, त्या बाजूच्यानें दुसरा. दोन्ही नकाशे शेजारीं ठेवावे, तर रेघा जुळत नाहींत. एकाच खडकाला दोन नांवें पडलेलीं, किंवा दोन निरनिराळ्या खडकांना एकच नांव. जुळणी करणाऱ्यानें पहिल्यानें ही भानगड सोडवावयाची.

नांव चांगलें पडलें तर तें किती दूर जातें, ह्याचा दाखला आमच्याच मुलखाचा आहे. मध्य हिंदुस्थानांतील कोळसा बाळगणाऱ्या थरांसाठीं मेडलिकॉट ह्यांनीं १८७२ सालीं गोंडांच्या राज्यावरून गोंडवन हें नांव योजिलें. फाइस्टमँटेल ह्यांनीं १८७६ सालीं तें प्रथम छापिलें. पुढें व्हिएन्नाचे एडुआर्ड सूस ह्यांनीं निरनिराळ्या लेखकांचीं वर्णनें आपल्या खोलींत बसून ताडून पाहिलीं, आणि हिंदुस्थान, आफ्रिका वगैरे भूभाग एके काळीं एकच होते असें अनुमान करून १८८५ सालीं त्या लुप्त खंडास गोंडवन-भूमि असें नांव दिलें. गोंडवनांतच ‘वन’ आलेलें असतां पुन्हां ‘भूमि’ कशाला, असें कोणी म्हणेल. आणि तें खरेंही आहे. पण ऑस्ट्रेलियाच्या व दक्षिण ध्रुवाकडील बर्फाखालच्या खडकांनाही आज गोंडांचें नांव लागतें, ह्यांत मला तरी कौतुकच वाटतें. सूस ह्यांस हें साधलें तें दुसऱ्यांनीं केलेलीं वर्णनें नीट वाचल्यामुळें.

आतां मँगनीजकडे वळूं. एल. एल. फर्मर हे १९०२ सालीं सर्वेक्षणांत आले, आणि १९०९ सालीं त्यांचा हिंदुस्थानांतील मँगनीजवरील प्रबंध प्रसिद्ध झाला. हजारांहून अधिक पृष्ठांचा तो आहे. नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा ह्या पट्ट्यांतील एका विशिष्ट खडकास त्यांनीं गोंडाइट असें नांव दिलें, हेंही गोंडांवरूनच. ह्या खडकांत गारगोटी असते आणि स्पेसर्टाइट नांवाचा मँगनीजयुक्त गार्नेट असतो. अतिप्राचीन काळीं पाण्याच्या तळाशीं मँगनीजचा गाळ व वाळू मिसळून बसली; पुढें तीवर प्रचंड दाब व उष्णता येऊन तिचें हें रूपांतर झालें, अशी त्यांची उपपत्ति. फर्मर तेवढ्यावर थांबले नाहींत. दक्षिणेच्या द्वीपकल्पांत ठिकठिकाणीं पसरलेले अतिप्राचीन खडक परस्परांशीं जुळवून पाहण्याचा त्यांनीं १९३६ पासून प्रबंधरूपानें प्रयत्न केला, आणि त्याच्या मथळ्यांतच ‘प्रयत्न’ ह्या अर्थाचा शब्द घातला. हा विनय मला फार आवडतो.

हें जुळविणें इतकें अवघड कां? नदीच्या गाळाचे थर आडवे असतात. खालचा जुना, वरचा नवा, हें शाळेंतल्या मुलासही समजतें. त्यांत शिंपले, पानें, हाडें सांपडलीं तर काळ ठरविणें आणखी सोपें. परंतु आमच्याकडील ज्या खडकांना सौसर गांवावरून सौसर माला म्हणत, त्यांत अशी खूण सांपडत नाहीं, आणि ते थर आडवेही राहिलेले नाहींत. नऊवारी लुगड्याची घडी डोळ्यांपुढें आणा. कांठ एकच, पण घडीच्या कडेला तो अनेक वेळां दिसतो, आणि कोठें सुलट, कोठें उलट. तसेंच मँगनीजच्या थराचें झालें आहे. डोंगराच्या अंगावर तीन ठिकाणीं मँगनीज उघडें पडलें, तर ते तीन थर कीं एकाच थराच्या तीन घड्या, हें ठरवावयास सबंध डोंगर मनांत उलगडावा लागतो. त्यांतच रामटेकजवळच्या देवलापार भागांत डब्ल्यू. डी. वेस्ट ह्यांनीं १९३६ च्या सुमारास दाखविलें कीं, तेथें खडकांचा मोठा पट्टा आपली मूळ जागा सोडून दुसऱ्या खडकांवर सरकून बसला आहे. म्हणजे ‘वरचा तो नवा’ हा नियमही हातचा गेला.

स्वातंत्र्यानंतर ह्या पट्ट्याचें काम नव्यानें हातीं घेण्यांत आलें. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे स्ट्रॅचेक आणि आपल्या सर्वेक्षणाचे नारायणस्वामी, सुब्रमण्यम्, शुक्ल, वेंबन, चक्रवर्ती व वेंकटेश अशा सात जणांच्या नांवें एक लेख तयार झाला. १९५६ सालीं मेक्सिको शहरीं भरलेल्या आंतरराष्ट्रीय भूविज्ञान परिषदेनें जगांतील मँगनीजवर पांच ग्रंथांची माला काढली. एक सर्वसामान्य, आणि बाकीचे आफ्रिका, अमेरिका, आशिया व ओशियानिया, आणि युरोप असे खंडवार. हेनारो गोन्सालेस रेयना ह्यांनीं तिचें संपादन केलें. आशियाच्या ग्रंथांत आमचा पट्टा आला. खाणकामगारांच्या टोपल्यांतून निघालेल्या दगडाचें वर्णन स्पॅनिश मथळ्याच्या पुस्तकांत जाऊन बसलें!

ह्या लेखाच्या मथळ्यांत मध्यप्रदेश असें प्रांतनाम आहे, कारण तेव्हां भंडारा जिल्हा मध्यप्रदेशांत होता. परिषद भरली सप्टेंबरांत. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं जिल्हा मुंबई राज्यांत आला, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत. पुढें १९६३ सालीं त्याच कामाचा सविस्तर भाग सर्वेक्षणानें प्रसिद्ध केला, तेव्हां मथळ्यांत ‘मध्यप्रदेश व लगतचा महाराष्ट्र’ असें लिहावें लागलें. खडक कोट्यवधि वर्षांत जितका हलला नसेल तितका तो सात वर्षांत कागदावर हलला.

त्या १९६३ च्या ग्रंथांत थरांचा क्रम लाविला आहे तो असा: सर्वांत खालीं सीतासावंगी, तिच्यावर लोहांगी, मग मनसर, मग चोरबाहुली, जुनेवानी आणि बिचुआ. मनसरच्या अभ्रकी खडकांत मँगनीजचा मुख्य साठा. चोरबाहुली म्हणजे नागपूरहून जबलपूरकडे जातांना लागणारें तेंच गांव. त्याच्या नांवानें आतां कठीण गारगोटीचा खडक ओळखला जातो. पूर्वीच्या संशोधकांनीं दिलेलीं नांवें तपासून, कांहीं ठेवून, कांहीं एकमेकांत मिळवून हा क्रम बसविलेला आहे. १९७१ सालीं तर थरांचीं नांवें कशीं द्यावीं ह्याची नियमावलीच सर्वेक्षणानें छापली, आणि सौसर ‘मालेचा’ सौसर ‘गट’ झाला. ह्या नियमावलीची कोणी थट्टा करतात. मला ती थट्टा पटत नाहीं. हजेरीपटावर एकाच मुलाचीं दोन नांवें असलीं म्हणजे वर्षअखेर काय घोटाळा होतो, हें मास्तरच जाणे.

वाद मिटले असें मात्र समजूं नये. साकोलीच्या नांवें ओळखले जाणारे खडक आमच्या जिल्ह्याच्या दुसऱ्या भागांत आहेत; ते सौसरहून जुने कीं नवे, कीं समकालीन, ह्यावर अजूनही दुमत आहे. तिरोडीचा जो खडक सौसरच्या खालीं दिसतो, तो खरोखरच त्याचा पाया कीं सौसरचाच कांहीं भाग वितळून तसा झाला, हाही प्रश्न पुष्कळ वर्षें लढविला गेला. किरणोत्सर्गी द्रव्यांच्या मोजणीवरून सौसरचें मोठें रूपांतर सुमारें शंभर कोटी वर्षांपूर्वींचें दिसतें. पण रूपांतराचें वय म्हणजे मूळ गाळाचें वय नव्हे. येथें गुंफणाऱ्याची परीक्षा असते. कांहीं संपादक दोन मतांची सरासरी काढून एक गुळगुळीत वाक्य लिहितात. वाचणाऱ्यास बरें वाटतें; परंतु पुढच्या हातोडीवाल्यास कोठें जाऊन पाहावें, तें कळेनासें होतें. वाद जेथें आहे ती जागा, तें गांव, तो नाला नांवानें सांगून मोकळी ठेवणारा संपादक माझ्या मतें श्रेष्ठ.

हें सर्व इंग्रजींत आहे. मराठींत मराठी विश्वकोशानें ह्या कामीं मोठा आधार दिला. त्याचा पहिला संहिता-खंड १९७६ सालीं निघाला, आणि त्यांतील भूविज्ञानाच्या अनेक नोंदींखालीं क. वा. केळकर हें नांव आढळतें. गोंडवनी संघ, धारवाडी संघ हे शब्द मीं तेथूनच घेतले. माझ्या नोकरीच्या काळांत भूगोलाच्या पुस्तकांत आमच्या जिल्ह्याचा मजकूर म्हणजे भात, तलाव व मँगनीज एवढाच असे. खाणींच्या बाजूचीं मुलें पिशवींतून काळे जड दगड आणीत, आणि विचारीत कीं, मास्तर, हें आमच्याकडेच कां? पुस्तकांत त्याचें उत्तर नसे. चिखला व डोंगरी बुजुर्गच्या खाणी आज मॉयल ह्या सरकारी कंपनीकडे आहेत. तिची स्थापना १९६२ सालची. डोंगरीचा कांहीं माल विजेरींत घालावयाच्या मसाल्यास चालतो, हें मुलांना सांगितलें म्हणजे तीं आपल्या हातांतला दगड पुन्हां एकदां निरखून पाहत.

जिल्ह्यापुरतें असें एक समालोचन मराठींत व्हावें अशी माझी इच्छा आहे. खाणींची माहिती छापलेली आहे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेपाशीं पाण्याचीं निरीक्षणें आहेत. राहिली आहे ती घराघरांतली माहिती. आमच्या गांवीं व आसपास ज्यांनीं विहिरी खोदल्या, त्यांना किती हातांवर मुरूम लागला, कोठें पांढरी माती, कोठें काळा कातळ, पाणी कोणत्या फटींतून आलें, हें तोंडपाठ असे. ते वृद्ध आतां थोडे उरले आहेत. ज्यांच्या घरीं जुन्या विहिरीच्या खोदकामाचा हिशेब वहींत असेल, त्यांनीं ती वही रद्दींत घालण्यापूर्वीं एका कोऱ्या कागदावर विहिरीची जागा, खोदल्याचें साल, आणि किती हातांवर कोणता थर लागला, एवढें उतरून काढावें. थराचें शास्त्रीय नांव ठाऊक नसलें तरी चालेल. गांवांत ज्या नांवानें ओळखतात तेंच लिहावें, आणि जमल्यास त्या थराचा एक खडा कागदाबरोबर पुडींत बांधून ठेवावा.