फोनचा ताळेबंद

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आज तुमच्यापुढे एक कबुली द्यायची आहे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, नगर तालुक्यातल्या एका लहानशा गावात राहतो. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण एस.टी.त बसताना आम्ही अजून 'एक नगर द्या' असेच म्हणतो. तर दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी नऊ हजारांचा फोन बाजूला ठेवला आणि सत्तर हजारांचा घेतला.

जुन्या फोनने चार वर्षे इमानाने साथ दिली. पुढे मात्र तो थकला. ई-पीक पाहणीसाठी कांद्याच्या वाफ्यात उभे राहून फोटो काढायला जावे, तर ॲप उघडेपर्यंत घाम फुटायचा. अखेर पुतण्याच्या फोनवरून नोंद केली. एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद होऊ शकते, हे तेव्हा कळले. पण मुलगा पुण्याहून म्हणाला, "बाबा, जन्मभर काटकसरच केलीत. आता एक चांगला घ्या." मलाही तेच ऐकायचे होते.

नव्या फोनने काय दिले? खरे सांगायचे तर पुष्कळ दिले. स्वस्त फोनमधली साठवणूक बहुधा संथ जातीची असते आणि ती भरत आली की फोन आणखी रखडतो. महागात ती वेगवान असते. कॅमेऱ्याचे भिंग हाताचा कंप सांभाळून घेते, त्यामुळे माझ्या थरथरत्या हातानेही नातीचा फोटो स्वच्छ येतो. पाण्याधुळीपासून संरक्षण असते. आणि मुख्य म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा अनेक वर्षे मिळत राहतात. २०२३-२४ पासून काही मोठ्या कंपन्यांनी आपल्या वरच्या फोनना सात वर्षांचे आश्वासन दिले आहे. ज्या फोनवर बँकेचे व्यवहार चालतात, त्याला ही गोष्ट फार मोलाची.

आता काय दिले नाही, तेही ऐका. आमच्या ओढ्यापलीकडच्या शिवारात पूर्वी रेंज नव्हती, आजही नाही. टॉवरच दूर, तिथे सत्तर हजार काय करणार? दुकानात पैसे देताना माझे शंभर रुपये कोणाच्या शंभरापेक्षा लवकर पोचत नाहीत. यूपीआय तर मार्च २०२२ पासून साध्या बटणांच्या फोनवरूनही करता येते. कांद्याचा भाव दोन्ही फोनवर सारखाच दिसतो, आणि सारखाच पडतो.

इथवर ठीक होते. खरी गोष्ट पुढे आहे.

पारावर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. सुपा एम.आय.डी.सी.त कंत्राटी कामाला जाणारा. "गुरुजी, दाखवा की जरा," म्हणाला. मी दाखवला. किंमत त्याने विचारलीही नव्हती, ती मीच सांगितली. तीन महिन्यांनी तस्साच फोन त्याच्या खिशात होता, हप्त्यावर. पगारातले सहा हजार त्यातच जायचे. मग दोन महिने काम सुटले, हप्ते थकले. त्याच्या वडिलांनी आठवडे बाजारात दोन शेळ्या विकल्या. मला भेटले तेव्हा रागावलेले नव्हते. एवढेच म्हणाले, "पोरगं म्हणालं, गुरुजींनी घेतलाय म्हणजे चांगलाच असंल." त्या वाक्यावर मला उत्तर सुचले नाही. तीस वर्षे ज्यांना वजाबाकी शिकवली, त्यांना मी किंमत सांगितली, हिशेब सांगितला नाही.

आपल्याच तालुक्यात हिवरे बाजार आहे. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला ते मोजायचे आणि त्यावरून पिके ठरवायची. शेजारच्या गावात ऊस उभा आहे म्हणून आपणही लावायचा नाही. फोनचाही असाच ताळेबंद मांडता येईल.

सत्तर हजारांचा फोन सात वर्षे चालला, तर वर्षाला दहा हजार. नऊ हजारांचा तीन वर्षे चालला, तर वर्षाला तीन हजार. मधला पंचवीस हजारांचा पाच वर्षे चालला, तर वर्षाला पाच हजार. बहुतेक घरांची गरज या मधल्या फोनवर भागते. फोटो, व्हिडिओ हेच ज्याच्या पोटापाण्याचे साधन आहे, त्याला वरचे दहा हजार परवडतील. माझ्यासारख्याने ती हौस समजावी, आणि हौस शिलकीतून करावी.

'शून्य टक्के व्याज' या पाटीला भुलू नका. असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही किंवा प्रक्रिया शुल्काच्या नावाने रक्कम घेतली जाते. म्हणून रोखीचा भाव आणि सगळ्या हप्त्यांची बेरीज शेजारी शेजारी लिहून पाहा. जुना फोन घेत असाल, तर 'तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश' दाबून पंधरा आकडी क्रमांक काढा आणि सरकारच्या संचार साथी सेवेवर तो तपासा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल, तर तिथे कळते. आणि फक्त बॅटरी थकली असेल, तर बॅटरीच बदला. बैल दमला म्हणून कोणी गाडी विकत नाही.

त्या मुलाचे हप्ते आता फिटले आहेत. मध्यंतरी दुसरा एक तरुण पारावर आला, म्हणाला, "गुरुजी, कितीचा पडला?" मी म्हटले, "बैस. आधी तुझा पगार किती ते सांग." खिशातला कागद काढला आणि आम्ही दोघांनी बेरीज मांडली.