ॲनिमेच्या मेळाव्यास प्रथम जाताना

हैदराबादच्या माणसाला गर्दीचे भय सहसा वाटत नाही. १९३८ साली सुरू झालेल्या नुमाइशीत येथील कितीतरी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या हिंडली आहेत. तथापि अंबरपेठेतील एखाद्या मराठी घरातील मुलगी “मी ॲनिमेच्या मेळाव्याला जाणार” असे म्हणू लागली, की वडील माणसे विचारात पडतात. हा मेळावा कसला, आणि तेथे आपले मूल सुखरूप राहील काय, हे प्रश्न स्वाभाविकच होत.

ॲनिमे म्हणजे जपानी चलच्चित्रे. भारतीयांना ती सर्वस्वी परकी नाहीत. १९९२ साली जपानच्या युगो साको यांनी आपल्याकडील राम मोहन यांच्या सहकार्याने रामकथेवर असाच चित्रपट केला होता. अशा चित्रांच्या व चित्रकथांच्या चाहत्यांनी एकत्र जमण्याची प्रथा जपानमध्ये चांगलीच रुजली आहे. तोक्योत १९७५ च्या डिसेंबरात भरलेल्या पहिल्या ‘कॉमिकेट’ला सुमारे सातशे माणसे आली होती, पुढे तेथे लाखो लोक येऊ लागले. भारतात २०११ साली दिल्लीत ‘कॉमिक कॉन’ भरले आणि २०१३ मध्ये ते हैदराबादेतही आले. हायटेक्सच्या प्रदर्शनगृहांत भरणाऱ्या या मेळाव्यात चित्रकथा, खेळ आणि ॲनिमे एकत्र नांदतात.

प्रथमच जाणाऱ्याने तिकीट आधीच काढून ठेवावे आणि कार्यक्रमपत्रिका वाचून दोन-तीनच गोष्टी निवडाव्यात. सर्व काही पाहण्याच्या हव्यासाने काहीच नीट पाहून होत नाही. अंबरपेठेहून जाणाऱ्यास मुसी नदीपलीकडील मलकपेट स्थानकावरून मेट्रोने अमीरपेठ गाठता येते. तेथे गाडी बदलून हायटेक सिटी, आणि पुढे रिक्षा. सकाळी पोटभर खाऊन निघावे. पायांत रुळलेली पादत्राणे असावीत, कारण दिवस उभ्यानेच जातो. गर्दीत दूरध्वनी लागेलच असे नाही. म्हणून चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे, ते दाराशीच ठरवावे. खर्चाची मर्यादा घरीच आखावी. खरेदी करताना परदेशी बनावटीच्या बाहुल्यांइतकेच लक्ष आपली चित्रे घेऊन बसलेल्या तरुण कलावंतांकडेही द्यावे. त्यांच्याशी चार शब्द बोलावेत. चित्र कसे काढले, ते सांगण्यात त्यांना आनंदच वाटतो.

या मेळाव्याचे खरे आकर्षण म्हणजे आवडत्या पात्राचा वेष घेऊन येणारी मंडळी. या प्रकारास ‘कॉस्प्ले’ म्हणतात. वेष घेतलाच पाहिजे असे बंधन नाही. साध्या कपड्यांत येणारेही पुष्कळ असतात. ज्याला हौस आहे त्याने प्रारंभ साधा ठेवावा. जनरल बाजारातील कापड आणि घरातील शिवणयंत्र एवढ्यावर पुष्कळ साधते. तलवार वा भाला हवा असेल तर तो फोमचा करावा. लोखंडी शस्त्र दाराशीच अडवले जाते. सुईदोरा, सेफ्टीपिना आणि चिकटपट्टी जवळ ठेवावी.

यापुढील गोष्ट मात्र सर्वांत महत्त्वाची. वेष घेतलेली व्यक्ती म्हणजे मांडून ठेवलेली वस्तू नव्हे. तिचे छायाचित्र घ्यावयाचे तर आधी विचारावे. नकार मिळाल्यास आभार मानून पुढे जावे. न विचारता वेषाला हात लावू नये, खांद्यावर हात टाकू नये, शरीरयष्टीवर शेरे मारू नयेत. पात्र कितीही धीट असो, त्या वेषातील मुलगी एखाद्याच्या घरची सोळा वर्षांची लेक असू शकते. वेष म्हणजे संमती नव्हे, ही घोषणा परदेशांतील मेळाव्यांत फलकांवर लिहावी लागली, ती कटू अनुभवांमुळेच. आपल्याकडे बहुरूपी दारी येई तेव्हा घरची माणसे त्याच्या सोंगावर हसत, पण त्या माणसाचा मान राखून त्याला शिधा घालीत. तीच जुनी रीत येथेही पुरेशी आहे.

कोणी ही मर्यादा ओलांडलीच, तर मुलांनी संकोचाने गप्प बसू नये. मोठ्याने ‘नाही’ म्हणावे आणि जवळच्या स्वयंसेवकास वा रक्षकास तत्काळ सांगावे. घरी आल्यावर ती हकीकत सांगण्याचे धैर्य त्यांना व्हावे, हे पाहणे वडिलांचे काम. “म्हणूनच जाऊ नको म्हणत होतो” हे वाक्य एकदा ऐकले की मूल पुढच्या खेपेस काही सांगत नाही. त्यापेक्षा शक्य असल्यास पहिल्या वर्षी आईने वा बाबांनी सोबत जावे, आणि मुलालाच आपल्याला सर्व दाखवू द्यावे. आजवर घरात जे बोलण्याची त्याला चोरी वाटत होती, ते तो त्या दिवशी आपण होऊन समजावून सांगू लागेल. त्यासाठी तिकिटाचे पैसे खर्चिले, तर ते वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.