जीर्ण छायाचित्रांचे प्रतिलेखन
(मठाच्या वर्धापनोत्सवात झालेले व्याख्यान)

 

उत्सवाच्या या मंगल प्रसंगी वेदान्ताचा विषय सोडून जुन्या छायाचित्रांविषयी बोलण्याची आज्ञा पाठशाळेतील मनुष्यास का व्हावी, असा प्रश्न कित्येकांच्या मनात उद्भवला असेल. परंतु मठाचा इतिहास सनदा आणि पोथ्या यांतच साठविलेला असतो असे नाही. त्याचा फार मोठा भाग आपल्या देवघरांत, ट्रंकांत आणि लग्नाच्या अल्बमांत कागदी छायाचित्रांच्या रूपाने विखुरलेला आहे. चातुर्मासाचा एखादा सोहळा, पालखीची मिरवणूक, पाठशाळेतील बटूंची पंगत, ही सारी तेथे आहेत. दमट हवा, बुरशी आणि कसर त्यांना हळूहळू खात आहेत. त्याहून मोठे भय आपल्या श्रद्धेतूनच उत्पन्न होते. देवाचे वा गुरूंचे चित्र जीर्ण झाले की ते वाहत्या पाण्यात सोडण्याचा आपला रिवाज आहे. त्या चित्राची दुसरी प्रत नसेल, तर त्या विसर्जनाबरोबर इतिहासाचे एक पान कायमचे जाते.

इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस असलेले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झालेले लाला दीनदयाळ यांच्या काचेच्या मूळ पट्ट्या आजही दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. पट्टी शाबूत असली की नवी प्रत काढता येते. आपल्या घरांतून मात्र निगेटिव्ह केव्हाच नाहीशा झाल्या; उरला आहे तो छापील कागद. म्हणूनच त्या कागदावरून प्रतिलेखन करणे प्राप्त आहे, आणि त्याचे साधन म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर.

या यंत्राची रचना सोपी आहे. काचेवर चित्र पालथे ठेवावयाचे. काचेखालून दिव्याची पट्टी सरकत जाते आणि परावर्तित प्रकाश संवेदक टिपून घेतो. संवेदकाचे दोन प्रकार प्रचलित आहेत. सीआयएस जातीचे यंत्र पातळ व हलके असते, परंतु काचेला अगदी टेकलेल्या वस्तूचेच रूप ते स्पष्ट घेते. सीसीडी जातीच्या यंत्रात आरसे व भिंग असल्यामुळे काचेपासून किंचित उचललेला भागही ठीक उमटतो. जुनी चित्रे बहुधा वळलेली असतात, आणि ती दाबून सपाट करू गेल्यास वरचा जिलेटिनचा थर तडकतो. यास्तव अशा चित्रांना सीसीडी यंत्रच श्रेयस्कर.

येथे एक भाविक शंका निघते. गुरूंचे मुख काचेवर पालथे ठेवणे हा अनादर नव्हे काय? माझे उत्तर असे की, देव उजळताना आपण मूर्ती ताम्हणात आडवी करतो, चिंच लावून घासतो, उलटसुलट फिरवून पुसतो. ती सेवाच होय. नमस्कार करून, स्वच्छ हातांनी चित्र काचेवर ठेवावे. यंत्राच्या प्रकाशाचेही भय बाळगू नये. भिंतीवर वर्षानुवर्षे पडणाऱ्या उन्हापुढे तो क्षणिक प्रकाश नगण्य आहे.

आता कृती. चित्रावरील धूळ मऊ कुंचल्याने अलगद झाडावी. पाणी अथवा स्पिरिट लावू नये. काच पुसताना द्रव फडक्यावर घ्यावा, काचेवर शिंपडू नये. चित्र कडांना धरावे. चौकटीतील चित्र जर काचेला चिकटलेले असेल, तर ते ओढून काढू नये, कारण मुखावरचा थरच काचेबरोबर निघून येतो. काचेसह सीसीडी यंत्रावर ठेवावे. वर्तमानपत्रातील कात्रण असेल तर त्याच्या पाठीशी काळा कागद लावावा, म्हणजे मागील छपाई पुढे दिसत नाही.

सूक्ष्मता किती घ्यावी? दर इंचात किती बिंदू टिपले जातात ते डीपीआय या मापाने सांगतात. चित्राच्या मूळ आकाराची प्रत काढण्यास ३०० डीपीआय पुरतात. संग्रहासाठी ६०० घ्यावेत. दोन इंचांच्या लहान चित्रास १२०० पर्यंत जावे. चार इंच रुंद व सहा इंच लांब चित्राचे ६०० डीपीआयने ८६ लक्ष ४० हजार बिंदू होतात, आणि प्रत्येक बिंदूस रंगाचे तीन बाइट धरले तर सुमारे २६ मेगाबाइट जागा लागते. डीपीआय दुप्पट केल्यास जागा चौपट लागते. परंतु कागदात जो तपशील मुळातच नाही, तो त्यामुळे निर्माण होत नाही.

यंत्राच्या खोक्यावर पुष्कळदा याहून कितीतरी मोठे आकडे छापलेले असतात. त्यांतील खरा आकडा भिंगाने प्रत्यक्ष टिपलेल्या बिंदूंचा; उरलेले बिंदू यंत्र शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरते. त्यास इंग्रजीत इंटरपोलेशन म्हणतात. ग्रंथात मागाहून घुसडलेल्या श्लोकांनाही तोच शब्द आहे, आणि आपण पाठशाळेत त्यांना प्रक्षेप म्हणतो. प्रक्षेपास प्रमाण मानू नये, हा नियम दोन्ही ठिकाणी सारखाच लागू आहे.

हाच विवेक पुढेही ठेवावा लागतो. कृष्णधवल चित्रदेखील रंगीत पद्धतीने टिपावे, म्हणजे कागदाचा पिवळेपणा व डाग यांचीही नोंद राहते. यंत्रातील आपोआप सुधारणा बंद ठेवाव्यात. पहिली प्रत टिफ स्वरूपात जपावी. जेपेग स्वरूपात जागा वाचते, परंतु बदल करून दर वेळी नव्याने साठविताना काही अंश गळतो. ते वाटपापुरते ठीक.

हल्ली संगणकास आज्ञा करताच तो पुसट मुख स्वतःच्या कल्पनेने भरून देतो. चित्र मोहक होते, भक्त हर्षित होतात. परंतु ते नेत्र आपल्या गुरूंचे नसतात. भांडारकर संस्थेतील पंडितांनी १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य हाती घेतले, ते १९६६ साली पूर्ण झाले. त्यांनी अस्वीकृत पाठ फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. आपणही मूळ प्रतीस हात लावू नये. उजळणे झालेच तर दुसऱ्या प्रतीवर करावे आणि तसे स्पष्ट लिहून ठेवावे.

जुना लेखक पोथी संपली की पुष्पिकेत शक, स्थळ व आपले नाव लिही. छायाचित्राची पुष्पिका त्याच्या पाठीवर असते: स्टुडिओचा शिक्का, शाईतील तारीख, आजीच्या हातची दोन अक्षरे. म्हणून पाठही टिपावी, आणि त्या धारिकेस चित्राचाच क्रमांक द्यावा. जेथे काहीच लिहिलेले नाही, तेथे घरातील वृद्धांस विचारावे. आज ऐंशी वर्षांची जी माऊली पंगतीतला प्रत्येक बटू नावानिशी ओळखते, तिच्यामागे ते चेहरे अनामिक होतील. यंत्र उद्याही मिळेल. ही स्मृती पुन्हा मिळणार नाही.

सिद्ध झालेल्या प्रती तीन ठेवाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या गावी असावी. आणि प्रतिलेखन झाले म्हणून मूळ कागद टाकू नये. प्रत कितीही उत्तम असो, उद्याचे यंत्र अधिक डोळस असेल. त्यास पाहावयास मूळ हवेच.

म्हणून माझी नम्र विनंती एवढीच की, यापुढे कोणतेही जीर्ण चित्र पाण्यात सोडण्यापूर्वी एकदा मठात आणावे. ते काचेवरून जाईल, त्याची पाठ टिपली जाईल, आणि ते आपल्या हाती परत दिले जाईल. पूर्वजांनी पोथ्या उतरून ठेवल्या म्हणून आज आपणांस शास्त्र उपलब्ध आहे. तेच ऋण आपणांवर आहे. केवळ साधन पालटले आहे.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥