चूक म्हणे शिकाऊ पोराची!



पाळी सुटली की गोदीच्या गेटावर आमचा जेवणाचा डबासुद्धा उघडून बघतात. आता बड्यांची कुलपं बघा.

अमेरिकेत सोलरविंड्स नावाची कंपनी. सरकारी खात्यांना सॉफ्टवेअर विकणारी. तिच्या एका सर्व्हरचा पासवर्ड काय? 'सोलरविंड्स१२३'! तोही इंटरनेटवर उघडा पडलेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये बाहेरच्या माणसानं कळवलं, तेव्हा यांना जाग आली. पुढं २०२० मध्ये याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून हेर सरकारी खात्यांत घुसल्याचं उघड झालं. ते या पासवर्डानंच घुसले असं सिद्ध झालेलं नाही. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये संसदेच्या समितीपुढं पासवर्डाचं विचारलं, तर माजी प्रमुख म्हणतो, ही एका इंटर्नची चूक. इंटर्न म्हणजे शिकाऊ पोरगं!

इक्विफॅक्सचं तेच. लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी. मार्च २०१७ मध्ये सॉफ्टवेअरची दुरुस्ती आली होती, यांनी बसवली नाही. १४ कोटींहून जास्त माणसांची माहिती चोरीला गेली. ऑक्टोबरात माजी प्रमुखानं संसदेत बोट दाखवलं एका कर्मचाऱ्याकडं.

हे आपल्याला नवं नाही. क्रेनची झिजलेली वायर तुटते आणि रिपोर्टात हमालाचा हात घसरलेला असतो. नफा वाटायला वरून सुरुवात, दोष वाटायला खालून.

एका पोराच्या चुकीनं सगळा वाडा उघडा पडत असेल, तर तो वाडा बांधला कुणी? पासवर्ड तपासायचं काम कुणाचं होतं? इंटर्नचं नाव नको. त्या साहेबाचं नाव सांगा.